सशाचा कान आणि फाउंडेशनवरचा शिक्का

साखरपुड्याची तारीख ठरली की हनुवटीवर नेमका पिंपल उगवतो आणि घरातल्या सगळ्या बायका एकदम त्वचारोगतज्ज्ञ होतात. मावशी म्हणते, ‘लिंबू चोळ.’ आत्या म्हणते, ‘पार्लरमध्ये जाऊन एक फेशियल करून घे.’ आई म्हणते, ‘आधी तो मेकअप बंद कर!’ लिंबाने आग होते आणि सुजलेल्या पुळ्यांवर फेशियलची रगडपट्टी म्हणजे दुखणं वाढवणं. आईचं म्हणणं मात्र निम्मं खरं आहे, आणि ते शास्त्रात आलं सशाच्या कानावरून.

1972 साली अमेरिकेत अल्बर्ट क्लिगमन आणि ओटो मिल्स या संशोधकांनी ‘अ‍ॅक्ने कॉस्मेटिका’ नावाचा प्रकार मांडला. प्रौढ बायकांच्या गालांवर, हनुवटीवर बारीक दाण्यांसारख्या पुळ्या येतात, त्यामागे क्रीम आणि मेकअप असू शकतो, असं त्यांचं म्हणणं. तपासणीसाठी प्रसाधनं सशाच्या कानाला आतून चोळायची आणि तिथली रोमछिद्रं बुजतात का ते बघायचं. लॅनोलिन, कोको बटर, आयसोप्रोपिल मायरिस्टेट ही मंडळी बदनाम झाली ती अशा चाचण्यांमधून. अडचण अशी की सशाचा कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी नाजूक. पुढे 2006 मध्ये झोई ड्रेलॉस आणि जोसेफ डिनार्डो यांनी माणसांवरच तयार प्रसाधनं लावून पाहिली. बदनाम घटक असलेल्या प्रत्येक प्रसाधनाने छिद्रं बुजतातच असं नाही, हे त्यातून दिसलं. तो घटक किती आहे आणि कशात मिसळलाय, यावर सगळं अवलंबून. तरी कोणता घटक छिद्रं किती बुजवतो याचे शून्य ते पाच गुण देणाऱ्या याद्या मोबाइलवर अजून फिरतातच.

बाटलीवरच्या ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (छिद्रं न बुजवणारं) या शब्दामागेही कायद्याने ठरवून दिलेली एकच एक चाचणी नाही. कंपनी आपल्या पद्धतीने तपासते आणि शिक्का मारते. दोन बाटल्यांतून निवडायची वेळ आली तर शिक्क्याची घ्यावी. डोळे मिटून विश्वास मात्र ठेवू नये.

मग मेकअपने पुळ्या आल्या हे ओळखायचं कसं? वेळेवरून. तेल आणि मेलेल्या पेशींचं बूच छिद्रात बसतं, ते तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात. काल रात्री फाउंडेशन लावलं आणि आज सकाळी चेहरा लाल झाला, खाज सुटली, तर ती बहुधा त्वचेची चिडचिड असते. नवं काही वापरायला लागून महिना-दोन महिने झाले आणि गालभर बारीक दाणे उठले, तर संशय घ्यायला जागा आहे. दाणे फक्त कपाळावर, केसांच्या रेषेलगत असतील तर फाउंडेशनला सोडून द्या आणि तेलाच्या बाटलीकडे बघा. केसांच्या तेलकट पोमेडमुळे कपाळावर येणाऱ्या पुळ्यांचं वर्णन 1970 मध्येच झालेलं आहे. आपल्याकडे तर रात्री डोकं खोबरेलाने थबथबवून त्याच उशीवर झोपायची रीत!

मेकअप पूर्ण सोडायलाच हवा का? जपानमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी 2005 मध्ये मुरुमांवर उपचार चालू असलेल्या बायकांना योग्य मेकअप शिकवला. पुळ्या वाढल्या नाहीत आणि त्यांचं रोजचं जगणं सुसह्य झालं. हा मुद्दा मला मोलाचा वाटतो, कारण ‘चेहरा मोकळा सोड’ असं सांगणाऱ्याला त्या चेहऱ्याने ऑफिसात जायचं नसतं.

लावण्याची रीत मात्र बदलावी लागते. अ‍ॅडापलीन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड यांसारखं मुरुमांवरचं औषध चालू असेल तर त्वचा कोरडी पडून सालं निघतात आणि फाउंडेशन नेमकं तिथे चिकटतं. म्हणून आधी हलकं मॉइश्चरायझर, मग जेलसारखं सनस्क्रीन, ते मुरल्यावर रंग. सगळा चेहरा लिंपण्यापेक्षा डागापुरता कन्सीलर बोटाने टेकवावा. परदेशी व्हिडिओ बघून हिरवा कन्सीलर घेणाऱ्यांनी जरा थांबावं: हिरव्याने लाली झाकली जाते. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर पुळी गेल्यावर राहतो तो तपकिरी डाग, महिनोन्‌महिने. त्यावर हिरवा लावला तर राखेचा ठिपका दिसतो. तिथे पीच किंवा नारिंगी छटा हवी.

आणि स्पंज! बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठाने 2019 मध्ये लोकांची वापरातली प्रसाधनं तपासली, तेव्हा मेकअपचे 93 टक्के स्पंज एकदाही धुतलेले नव्हते. ओला स्पंज डबीत बंद करणं म्हणजे जंतूंना घर देणं. साबणाने धुवा, उघड्यावर वाळवा. मेकअप आर्टिस्ट घरी येणार असेल तर स्वतःचा स्पंज पुढे करायला लाजू नका.

रात्री मायसेलर वॉटरने रंग पुसून सौम्य फेसवॉश लावला की पुरे. स्क्रब नको. रंगभूमीवरची मंडळी खोबरेलाने रंग उतरवत आली, पण पुळ्यांच्या चेहऱ्याने ती नक्कल करू नये.

खरी भीती मेकअपची नाहीच, ती मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबची आहे. ‘आठ दिवसांत चेहरा साफ’ करणाऱ्या अनेक मलमांत स्टेरॉइड असतं. सुरुवातीला सूज उतरते, चेहरा उजळ वाटतो. मग त्वचा पातळ होते, लाली आणि केस येतात, मुरूम दुपटीने उसळतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी कित्येक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी मैत्रिणीच्या सांगण्यावरून ती हातोहात जातात. आजच तुमच्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी एखादं नाव दिसलं तर मलम स्वतःच्या मनाने चालू ठेवू नका आणि एकदम थांबवूही नका, ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.