तगरपुराचे दूरस्थ राजे

कोल्हापूरच्या शिलाहारांचे शिलालेख आणि ताम्रपट वाचताना बिरुदांच्या लांबलचक रांगेत एक बिरुद हमखास भेटतं: ‘तगरपुरवराधीश्वर’, म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचा स्वामी. ठाण्याकडून उत्तर कोकण सांभाळणारे त्यांचे भाऊबंद स्वतःला ‘तगरपुरपरमेश्वर’ म्हणवत. एक घराणं सह्याद्रीच्या कुशीत, दुसरं खाडीकाठी. तगर मात्र दोघांच्याही राज्यात नव्हतं. ते होतं शेकडो मैल आत, बालाघाटच्या पठारी मुलखात, तेरणा नदीच्या काठी. धाराशिव शहरापासून वीसेक किलोमीटरवरचं आजचं तेर, तेच ते तगर.

ज्या गावाची एक वीतभर जमीनही आपल्या ताब्यात नाही, त्याचं स्वामित्व चारेकशे वर्षं, पिढ्यान्‌पिढ्या, दगडात आणि तांब्यावर कोरून ठेवायचं, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आलं आहे. एरवी या राजांचा व्यवहार रोखठोक होता. आधी राष्ट्रकूटांचे आणि मग कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक म्हणून वावरताना आपली पायरी त्यांना नेमकी ठाऊक होती. तरीही तगर सुटलं नाही. आपलं मूळ तिथलं आहे, एवढं त्या बिरुदातून ते सांगत राहिले.

हे तगर कुठे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांना बराच छळत होता. कुणी दौलताबाद म्हणालं. पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नरकडे बोट दाखवलं, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूर सुचवलं. मुख्य आधार इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेलं ‘पेरिप्लस’. त्यात म्हटलं आहे की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठं नगर आहे. तगरहून साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून, बिनरस्त्याच्या मुलखातून भडोचच्या बंदराकडे जाई. बदामी चालुक्यांच्या इ.स. ६१२ च्या ताम्रपटातही तगरच्या एका रहिवाशाला दिलेल्या दानाची नोंद आहे. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये हे सगळे धागे जुळवून तगर म्हणजेच तेर असं दाखवून दिलं, आणि पुढच्या उत्खननांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. १९५८ मध्ये चापेकरांनी इथे खोदकाम केलं, नंतरही होत राहिलं. सातवाहनांची नाणी, मणी, मृण्मय मूर्ती, विटांचं बांधकाम असं बरंच हाती आलं. गावातलं त्रिविक्रमाचं मंदिर तर चैत्याच्या घाटाचं, विटांचं, मागे अर्धगोल असलेलं आहे. महाराष्ट्रात आजही उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या वास्तूंमध्ये त्याची गणना होते.

तेरच्या पांढरीतून वर येणाऱ्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचल्या. त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आज तिथे आहे. त्यात एक छोटीशी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तशीच, जणू तिची बहीण शोभावी अशी मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत सापडली. पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्रापार पोचलेली होती.

ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात तगरचं कापड आहे, वाटा आहेत, अंतरं आहेत. राजा नाही. ते नगर सातवाहनांच्या छत्राखालची एक भरभराटलेली पेठ होतं. तगरला राजे मिळाले ते कथांमध्ये.

शिलाहार आपला मूळपुरुष म्हणून जीमूतवाहनाचं नाव सांगतात. हा इतिहासातला माणूस नव्हे. विद्याधर नावाच्या, आकाशातून हिंडणाऱ्या देवयोनीचा तो राजपुत्र. राज्याचा लोभ सोडून तो आईवडिलांच्या सेवेसाठी मलय पर्वतावर जातो. तिथे त्याला कळतं की नागांचा राजा वासुकी याने गरुडाशी करार केला आहे. सरसकट संहार टळावा म्हणून रोज एक नाग गरुडाच्या आहारासाठी शिळेवर पाठवायचा. त्या दिवशी पाळी शंखचूडाची असते आणि त्याची म्हातारी आई आक्रोश करत असते. जीमूतवाहन शंखचूडाच्या जागी त्या शिळेवर जाऊन बसतो. गरुड त्याला खाऊ लागतो आणि हा भक्ष्य बनलेला माणूस शांत कसा, या विचाराने थांबतो. अखेर गरुडाला पश्चात्ताप होतो आणि देवीच्या कृपेने जीमूतवाहन पुन्हा जिवंत होतो. सम्राट हर्षाने या कथेवर ‘नागानंद’ हे नाटक लिहिलं. शिलाहारांचं कुलनामही त्या शिळेवरच्या आहाराशी जोडलं जातं, आणि त्यांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड होता.

या कथेत दोन राजे समोरासमोर उभे आहेत. वासुकीने तह केला, हिशेब मांडला, रोज एक प्रजाजन देऊन बाकीचे वाचवले. राज्यकारभार म्हणून यात चूक काढणं अवघड आहे. पण मी स्वतः आधी जातो, असं त्याला कधी वाटलं नाही. जीमूतवाहन परका, दुसऱ्याच योनीतला, शिवाय राज्य सोडून आलेला. तरी राजाचं कर्तव्य तोच करतो. मांडलिक राजांनी शेकडो पराक्रमी पूर्वज कल्पिण्याऐवजी हा पूर्वज निवडला, याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटतो.

ही कथा सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या ‘कथासरित्सागरा’तही आहे, आणि त्या ग्रंथाचं मूळ म्हणून गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’चं नाव घेतलं जातं. परंपरा सांगते की गुणाढ्य सातवाहन राजाच्या पदरी होता. विद्याधरांच्या या अफाट कथा त्याने पैशाची भाषेत लिहिल्या. राजाने त्या नाकारल्यावर तो रानात जाऊन एकेक पान वाचू लागला आणि वाचून झालेलं आगीत टाकू लागला. पशुपक्षी चरणं विसरून ऐकत बसले, डोळ्यांतून पाणी गाळू लागले. राजाच्या मुदपाकखान्यात येणारं मांस सुकं पडलं, तेव्हा राजाला पत्ता लागला. तोवर सात लाखांपैकी सहा लाख श्लोक जळून गेले होते. मूळ ‘बृहत्कथा’ आज कुठेच नाही. सातवाहनांच्या पैठणकडे कापडाच्या गाड्या ज्या वाटेने येत-जात, त्याच वाटेने विद्याधरांच्या कथाही तगरला आल्या असाव्यात असं मला वाटतं. पुरावा मागू नका. पण याच मुलखात विद्याधर राजे पुन्हा भेटतात, तेही जैन कथेत.

मुनी कनकामर यांनी अपभ्रंश भाषेत रचलेलं ‘करकंडचरिउ’ डॉ. हिरालाल जैन यांनी १९३४ मध्ये कारंजा ग्रंथमालेत संपादून प्रसिद्ध केलं. करकंडू हा स्मशानात जन्मलेला, मातंगाच्या घरी वाढलेला आणि पुढे राजा झालेला मुलगा. दक्षिणेच्या स्वारीवर निघालेला असताना त्याचा तळ तेरापूरजवळ, म्हणजे आपल्या तेरजवळ, पडतो. तिथला राजा त्याला सांगतो, जवळच्या डोंगरात एक लेणं आहे. त्याच्या वरच्या अंगाला एक वारूळ आहे, आणि एक हत्ती रोज सोंडेत पाणी व कमळ घेऊन येतो, वारुळाची पूजा करून जातो. करकंडू ते वारूळ खणवतो. आत पार्श्वनाथाची मूर्ती निघते. ती लेण्यात नेल्यावर आसनावर एक गाठ दिसते, शोभेला बाधा आणणारी. कारागीर म्हणतो, ही फोडू नका, खाली झरा आहे. राजा ऐकत नाही. गाठ फुटते आणि लेणं पाण्याने भरून जातं. मग उलगडतं की ही लेणी नील आणि महानील या दोन विद्याधर भावांनी घडवली. उत्तरेतलं आपलं राज्य गमावून ते इथे आले होते आणि त्यांनी तेरापुरात नवं राज्य वसवलं होतं.

कथेतली म्हणून ओळखली जाणारी धाराशिवजवळच्या डोंगरातली सात लेणी आजही पाहता येतात. जेम्स बर्जेस यांनी १८७८ मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. दुसऱ्या क्रमांकाचं लेणं अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांची आठवण करून देतं. ही लेणी मुळात बौद्ध की जैन, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. बालाघाटच्या खडकात पाणी झिरपणं नेहमीचंच आहे. लेण्यातल्या त्या ओलीचा उलगडा करण्यासाठीच कथेतली गाठ आणि झरा जन्माला आले असतील. पण त्या कथेतल्या वारुळापाशी मी नेहमी अडतो.

कारण वारूळ हेच एक राज्य आहे. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती घिरट्या घालणारी पंखांची वाळवी आपण पाहतो. त्यातल्या एखाद्या नर-मादीच्या जोडीने पंख गाळून मातीत शिरकाव केला की नवं वारूळ सुरू होतं. मधमाश्यांमध्ये नराचं काम मिलनापुरतं असतं, वाळवीत मात्र राजा जन्मभर राणीजवळ राहतो. राणीचं पोट इतकं फुगतं की तिला जागचं हलता येत नाही. ती दिवसाला हजारो अंडी घालते. भरवणं, साफसफाई, अंडी उचलून नेणं, मातीच्या भिंती चढवणं, सगळं कामकरी करतात. कुजक्या लाकडाच्या भुशावर ते आत बुरशीची शेती करतात, आणि पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी हे त्याच शेतीचं पीक. या सगळ्यात हुकूम कुणाचाही नसतो. पिएर-पॉल ग्रासे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलं की एका किड्याने ठेवलेला मातीचा गोळाच दुसऱ्याला पुढचा गोळा कुठे ठेवायचा ते सुचवतो. झालेलं कामच पुढचं काम सांगतं. राजा-राणी दालनात कोंडलेले असतात, राज्य त्यांच्यावाचून चाललेलं असतं.

माणसाला हे पचायला जड गेलं. ॲरिस्टॉटलला मधमाश्यांच्या पोळ्यात राजा दिसला होता. १६०९ मध्ये चार्ल्स बटलर या इंग्रज धर्मोपदेशकाने पोळ्यावर स्त्रीसत्ता असल्याचं सांगणारं पुस्तक लिहिलं. निसर्गाची वर्गवारी करतानाही त्याला राज्यच सुचलं: कार्ल लिनियसने १७३५ मध्ये दगड, वनस्पती आणि प्राणी अशी निसर्गाची तीन राज्यं पाडली. १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटेकर यांनी सजीवांच्या पाच सृष्टी (इंग्रजीत ‘किंग्डम’, म्हणजे राज्यंच) मांडल्या, त्याच आपली मुलं शाळेत शिकतात. आपल्याकडे वारुळाचा मानही वाळवीला मिळत नाही: नागपंचमीला बायका वारुळाला पूजा आणि लाह्या घेऊन जातात ती नागासाठी. नाग वारूळ बांधत नाही, वाळवीने केलेल्या घरात येऊन राहतो. तेरापूरच्या कथेत त्याच वारुळातून नागफणेखालचा पार्श्वनाथ निघावा, यात कवीची नजर किती जमिनीलगत होती ते कळतं.

करकंडूचं पुढे काय होतं? तो राज्य सोडतो. जैन आणि बौद्ध, दोन्ही परंपरांनी त्याला राज्यत्याग करणाऱ्या चार राजांमध्ये बसवलं आहे. बौद्ध कुंभारजातकात तो कलिंगाचा राजा आहे. बागेतल्या फळांनी लगडलेल्या आंब्याचं एक फळ तो तोडतो, मागून येणारे सगळे तो आंबा ओरबाडून उजाड करतात. परतताना त्याला शेजारचा, फळच न धरलेला आंबा हिरवागार उभा दिसतो. तेवढ्याने त्याचं मन राज्यावरून उठतं.

या धाराशिव जिल्ह्याच्या वाट्याला आलेले कथेतले राजे बहुतेक असेच. नळदुर्गचा किल्ला लोकसमजुतीने नळराजाचा, आणि नळ म्हणजे द्यूतात राज्य हरलेला राजा. बोरी नदीवरचा तिथला बांध आणि पाणीमहाल मात्र आदिलशाहीतला, १६१३ चा. खऱ्या सत्तांची गोष्ट इथे भराभर पालटत गेली. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांकडे गेल्यावर मलिक अंबर आणि त्याच्या साथीदारांनी निजामशाही घराण्यातल्या दुसऱ्या मुर्तझाला परंड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवलं. राज्य निजामशहाचं, कारभार अंबरचा. परंड्याच्या बुरुजावरची मुलुखमैदान तोफ १६३२ मध्ये विजापूरला गेली आणि तिथेच राहिली. १८५३ मध्ये हैदराबादच्या निजामाने हा प्रांत इंग्रजांना दिला, १८६० मध्ये तो परत मिळाला. मधल्या काळात नळदुर्गला राहून कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलरने पुढे ‘तारा’ ही कादंबरी लिहिली, तुळजापुरात सुरू होणारी. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ताही संपली. तुळजापूरची भवानी मात्र या सगळ्या सत्तांच्या आधीही होती आणि नंतरही आहे. वर्षातून तीनदा तिची निद्रा होते, आणि त्या काळात ती सिंहासनावरून पलंगावर जाते.

आता पुन्हा तगरपुराच्या परमेश्वरांकडे. कोल्हापूरची शाखा १२१२ च्या सुमारास यादव सिंघणाने संपवली. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार सोमेश्वर १२६५ च्या सुमारास यादव महादेवाशी समुद्रावर लढताना मेला. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळांवर गलबतांची लढाई कोरलेली आहे, ती हीच असावी असं मानलं जातं. त्याच्याबरोबर तगरचं बिरुद मिरवणारं शेवटचं राजकुळही बुडालं.

परंपरेनुसार त्यानंतर दोनच वर्षांनी, १२६७ मध्ये, खुद्द तगरात एका कुंभाराच्या घरी संत गोरोबाकाका जन्मले. पुढे संतमंडळी त्यांच्याच घरी जमली, आणि कोणतं मडकं पक्कं, कोणतं कच्चं, हे थापटण्याने डोकी वाजवून सांगण्याचा मान सर्वांनी काकांनाच दिला. मला त्या कुंभारजातकाचीही आठवण होते. राज्य सोडून आलेले ते चारही राजे, करकंडूसुद्धा, त्या कथेत काशीजवळच्या एका कुंभाराच्याच दारी येऊन उतरतात. आज तेरला गाड्या भरून माणसं येतात ती काकांच्या समाधीसाठी. शिलाहारांचं नावही त्यांतल्या बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. दर्शन झाल्यावर त्रिविक्रमाचं मंदिर आणि लामतुरे संग्रहालय मात्र चुकवू नये, एवढी माझी विनंती आहे.