जबड्याचे चलच्चित्र

कानापुढे बोट ठेवून तोंड हळूहळू उघडले, की त्वचेखाली एक हाड हलताना जाणवते. हाच जबड्याचा सांधा होय. घास चावताना, बोलताना, जांभई देताना तो अखंड राबत असतो. परंतु दुखू लागेपर्यंत त्याची आठवण कोणालाच होत नाही.

या सांध्याची रचना मोठी विलक्षण आहे. तोंड उघडू लागताच खालच्या जबड्याचे गोल टोक प्रथम मुख्यतः बिजागरीप्रमाणे फिरते. तोंड अधिक उघडले म्हणजे तेच टोक कवटीच्या खोबणीतून पुढे उंचवट्यावर सरकते. दोन्ही हाडांमध्ये एक लहानशी तंतुमय चकती असते. तीही टोकाबरोबर पुढेमागे जाते. शिवाय खालचा जबडा हे एकच हाड असल्यामुळे उजव्या व डाव्या सांध्यांना नेहमी जोडीने चालावे लागते. एक अडला, तर दुसऱ्याचीही चाल बिघडते.

अशी चाल एका स्थिर चित्रावरून कशी कळणार? १८९५ साली राँटजेन या जर्मन शास्त्रज्ञाने क्ष-किरणांचा शोध लावला. पुढे दोनच वर्षांनी ग्लासगोचे डॉ. जॉन मॅकिंटायर यांनी बेडकाच्या पायाची क्ष-किरणचित्रे ओळीने जोडून त्याची हालचाल पडद्यावर दाखविली. हाडे हलताना दिसू लागली!

परंतु या किरणांचा धोका तेव्हा पुरता उमगला नव्हता. एडिसनचे सहायक क्लॅरेन्स डॅली यांचे हात त्यांनी भाजले. अखेर ते कापावे लागले आणि १९०४ साली डॅलींचा अंत झाला. म्हणून थोड्या किरणांत स्पष्ट चित्र मिळविणे अगत्याचे होते. १९४८ साली अमेरिकेतील जॉन कोल्टमन यांनी अंधूक प्रतिमा कित्येक पटींनी उजळणारी नळी तयार केली. मग त्या प्रतिमेचे चलच्चित्र घेणे सुकर झाले.

रोगी तोंड उघडतो, मिटतो, घास चावतो. हाडाचे टोक कोठे अडते, कोणती बाजू मागे राहते, हे वैद्य पडद्यावर पाहतात. ती मऊ चकती मात्र क्ष-किरणांत उमटत नाही. तिच्यासाठी सांध्याच्या पोकळीत विशिष्ट द्रव टोचावा लागतो. आता चुंबकीय चित्रणाने ती क्ष-किरणांवाचूनही दिसते. म्हणून क्ष-किरणांचे चलच्चित्र जरुरीपुरतेच घेतात. पाहण्याची शक्ती मानवाला लाभली. ती जपून वापरण्याचा विवेक मात्र त्याला मोठी किंमत देऊन शिकावा लागला.