पंखा बंद कर, गॅस विझतोय!

ही हाक ज्याच्या स्वयंपाकघरात कधी ऐकू आली नाही, असं मराठी घर विरळाच. वाऱ्याचं हे भय शेगडीपुरतं नाही, कारखान्यातल्या मोठमोठ्या जाळांनाही ते आहे.

नळीतून इंधनवायूचा झोत सोडून पेटवला, तर वेग कमी असताना ज्योत नळीच्या तोंडाला चिकटून जळते. वेग वाढवत नेला की ती तोंड सोडते आणि वर अधांतरी जळू लागते. आणखी वाढवला की विझते. अधांतरी ती टिकते तरी कशी? मिथेन आणि हवेच्या शांत मिश्रणात ज्योत सेकंदाला फार तर 40 सेंटिमीटर सरकते. झोत मात्र कित्येक मीटर धावत असतो. त्याच्या मध्यावर तिचा निभाव लागणं शक्य नाही. म्हणून तिचं बूड असतं कडेला, जिथे वायू हवेत मिसळून मंदावलेला असतो. तिथे ज्योत खाली यायला बघते, प्रवाह तिला वर रेटतो. जिथे बरोबरी होते, तिथे ती थांबते. (झोत खळबळता असला की ज्योतीचा वेगही वाढतो, पण हिशेब हाच.)

आता भोवतालची हवाही झोताबरोबर वर वाहू लागली तर? झोतापुढे ती किरकोळ वाटेल. पण कडेवरची झुंज सेंटिमीटरांची आहे, तिथे तेवढी भर पुरते. ज्योत आणखी वर जाते आणि लवकर विझते.

हाच भोवताल तापवला, की मात्र चित्र पालटतं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात काब्रा, डिबल आणि सहकाऱ्यांनी केलेला, 2002 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला फार आवडतो. 2200 छिद्रांच्या तबकडीवर त्यांनी हायड्रोजनच्या बारीक ज्योती पेटवल्या. त्यांतून निघालेल्या सुमारे 770 अंश सेल्सिअसच्या जळक्या वायूंत, मधोमध, हायड्रोजन-नायट्रोजनचा झोत सोडला, तोही सेकंदाला 107 मीटर वेगाने. या वायूंत प्राणवायू साध्या हवेपेक्षा कमी. तरी ज्योत टिकली! इतक्या उष्ण वायूत मिसळलेलं इंधन ठिणगीवाचून पेटू शकतं. गॅस टर्बाइनमध्ये हवेला भोवरा देतात तोही तप्त वायू ज्योतीच्या बुडाशी परत आणण्यासाठीच.

घरच्या शेगडीला असा आधार नाही. ज्योत विझली तरी गॅस येतच राहतो, आणि एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. अशा वेळी आधी बटण फिरवून गॅस बंद करा, खिडक्या उघडा, आणि विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका, पंख्याच्यासुद्धा.