शपथ देवाची, सही दहा जणांची

गोव्याच्या विधानसभा निवडणुकीची रणधुमाळी सुरू असताना, २२ जानेवारी २०२२ रोजी, राजधानी पणजीत एक आगळेच दृश्य पाहावयास मिळाले. काँग्रेस पक्षाने आपल्या उमेदवारांना प्रथम महालक्ष्मीच्या देवळात, मग बांबोळीच्या खुरसापाशी आणि शेवटी बेतीच्या दर्ग्यात नेले. निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही, अशी शपथ त्यांच्याकडून तिन्ही ठिकाणी वदवून घेण्यात आली. पुढे फेब्रुवारीत हीच गोष्ट प्रतिज्ञापत्रावरही उतरली. आम आदमी पक्षाने देवळाची वाट धरली नाही; त्याने आपल्या उमेदवारांकडून थेट प्रतिज्ञापत्रेच लिहून घेतली.

वृत्तपत्रांतील ती छायाचित्रे पाहून आमच्या शिक्षक-खोलीत बराच हशा पिकला. आम्हांस मात्र हसू आले नाही. बेलभंडारा उचलून दिलेला शब्द मोडू नये, हे आपल्याकडे लहान मुलासही सांगावे लागत नाही. जुन्या काळी वतनाचे तंटे विकोपास गेले की पक्षकारास दिव्य करावे लागे; उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढून आपला खरेपणा सिद्ध करावा लागे. गोव्यात तर आजही देवाला कौल लावल्यावाचून कित्येक घरांत लग्न ठरत नाही की घराचा पाया खणला जात नाही. अशा भूमीत राजकीय पक्षास देवाचा जामीन घ्यावासा वाटला, यात नवल ते काय?

१४ फेब्रुवारीस मतदान झाले. १० मार्चला पेट्या उघडल्या (आता पेट्या कुठल्या, यंत्रेच; पण जिभेचे वळण जात नाही). काँग्रेसचे ११ आमदार निवडून आले. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला त्यांपैकी आठ जण भारतीय जनता पक्षात दाखल झाले. शपथेचे काय, असे पत्रकारांनी विचारता त्यांतील एका ज्येष्ठ नेत्याने, आपण पुन्हा देवळात जाऊन देवालाच विचारले आणि योग्य वाटेल ते करावे असे देवाने सांगितले, या आशयाचे उत्तर दिले. ज्या कौलाने आमच्या आज्या-पणज्या आयुष्य रेटीत आल्या, त्याचा असा उपयोग होईल हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

हे आठच का, सात का नव्हेत? वाचकहो, आम्ही मराठीचे शिक्षक खरे, पण प्रसंगी गणिताचा तासही घेतलेला आहे. अकराचे दोन-तृतीयांश म्हणजे सात पूर्णांक एक-तृतीयांश. सात कमी पडतात, आठ लागतात. मागे जाऊन पाहा. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ आमदारांपैकी दहा गेले होते. पंधराचे दोन-तृतीयांश बरोबर दहा. त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या तिघांपैकी दोघे गेले होते. तेही बरोबर दोन-तृतीयांश! सहावीच्या पुस्तकातील अपूर्णांक इतक्या काटेकोरपणे सोडविणारे विद्यार्थी आम्हांस क्वचितच लाभले.

या हिशेबाचे मूळ घटनेच्या दहाव्या परिशिष्टात आहे. १९६७ साली हरियाणातील गयालाल नावाच्या आमदाराने इतक्या झपाट्याने पक्ष बदलले की ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग साऱ्या देशात रूढ झाला. १९८५ साली ५२ वी घटनादुरुस्ती होऊन पक्ष सोडणाऱ्याचे सदस्यत्व जाईल असे ठरले; परंतु एक-तृतीयांश सदस्य फुटले तर ती ‘फूट’ मानून त्यांना अभय होते. म्हणजे एकट्याने चोरी केली तर शिक्षा आणि टोळीने केली तर सूट! गोव्याने १९९० साली लागोपाठ सरकारे पडताना पाहिली, ती हा कायदा अस्तित्वात असतानाच. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने फुटीची सवलत रद्द झाली, पण विलीनीकरणाची राहिली आणि तिच्यासाठी दोन-तृतीयांशांची अट आहे. मूळ पक्ष जागचा हलला नसतानाही केवळ विधिमंडळ पक्षाचे विलीनीकरण ग्राह्य धरता येते काय, हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला होता. खंडपीठाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, म्हणजे मतदान होऊन गेले होते आणि मोजणी व्हावयाची होती अशा वेळी, २०१९ च्या पक्षांतरितांच्या बाजूने निकाल दिला. देवळातील शपथ तेव्हा जेमतेम महिन्याची होती.

खरे पाहता कायद्याने उमेदवारास एकच शपथ सांगितली आहे. अर्ज भरल्यावर, छाननीचा दिवस उजाडण्यापूर्वी, त्याने भारताच्या संविधानाशी निष्ठेची आणि देशाची सार्वभौमता व एकात्मता राखण्याची शपथ घ्यावयाची असते. १९६३ पासून ही अट आहे. तीत पक्षाचे नावही नाही.

पक्षाचे नाव येते ते दुसऱ्या कागदावर. ‘एबी फॉर्म’ हा शब्द निवडणुकीच्या दिवसांत आपण सारेच वाचतो. चिन्ह वाटण्याचा अधिकार पक्षात कोणास आहे हे ‘ए’ नमुन्यात लिहिलेले असते आणि तो अधिकारी उमेदवाराचे नाव ‘बी’ नमुन्यात कळवितो. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत, शाईने सही केलेले हे कागद निवडणूक अधिकाऱ्याच्या हाती पडले पाहिजेत. हा कागद ज्याच्यापाशी आहे, त्या मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एकच सूचक पुरतो. ज्याच्यापाशी नाही, त्यास त्याच मतदारसंघातील दहा मतदारांच्या सह्या आणाव्या लागतात.

ही दहांची अट १९९६ ची आहे आणि तिच्यामागे आपल्या मराठी माणसाचाही हात आहे. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत, सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधावे म्हणून बेळगावात मराठी भाषकांनी अर्जांचा पाऊस पाडला. एका जागेसाठी ४५६ उमेदवार! आंध्रातील नलगोंड्यात ४८०, तर तामिळनाडूच्या मोडकुरिची विधानसभा मतदारसंघात १,०३३ उमेदवार उभे होते. तेव्हा लोकसभेची अनामत अवघी ५०० रुपये होती. मतपत्रिका छापावी कशी, हाच प्रश्न पडला. त्याच वर्षी कायदा बदलला, अनामत वाढली आणि दहा सूचक आले. आज विधानसभेची अनामत १०,००० आणि लोकसभेची २५,००० रुपये आहे (अनुसूचित जाती-जमातींसाठी निम्मी). एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक मते न पडल्यास ती जप्त होते.

दहा सह्या म्हणजे काय मोठेसे, असे आम्हांसही वाटत असे. २०१७ च्या निवडणुकीआधी आमचा एक माजी विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. गावातील पाण्याचा प्रश्न घेऊन अपक्ष उभे राहावयाचे त्याने ठरविले होते. “सर, पहिली सही तुमची हवी,” तो म्हणाला. आम्ही सरकारी नोकर. सेवानियमांनुसार उमेदवाराचा सूचक होणे आम्हांस वर्ज्य. त्यास तसे सांगितले. “नियम आहे, मग राहू दे,” एवढे बोलून तो चहा न घेताच उठला.

पुढे त्याच्याच तोंडून कळले की नऊ सह्यांसाठी त्यास आठवडा लागला. मत देतो म्हणणारे पुष्कळ होते. परंतु मत गुप्त असते, सूचकाचे नाव उघड. कोणाच्या मुलीचा नोकरीसाठी अर्ज पडून होता, कोणाच्या दुकानाचा परवाना नूतनीकरणास गेला होता. एकाने सही करून दुसऱ्या दिवशी ती खोडावयास लावली. दहावी सही त्याच्या आतेने केली, तीही नवऱ्यास न सांगता. तो उभा राहिला, ३१२ मते मिळाली आणि अनामत गेली.

सप्टेंबर २०२२ मध्ये ते आठ आमदार गेल्याची बातमी आली, त्या आठवड्यात तो बाजारात भेटला. आम्ही विषय काढला. तो हसला आणि म्हणाला, “सर, मला कोणी देवळात नेले नाही. नेले असते तर मी तरी काय केले असते, कोण जाणे. पण त्या दहांपैकी सात जण अजून रोज समोर भेटतात. दोघे वारले. एक मुलाकडे पुण्याला गेला.” आणि तो पिशवी सावरीत मासळीच्या ओळीकडे वळला.