थ्री-नॉट-थ्री : जुनी रायफल जपताना

मुंबईतील छत्रपती शिवाजी टर्मिनसवर 26 नोव्हेंबर 2008 रोजी दहशतवादी हल्ल्याच्या वेळी काही पोलिसांच्या हाती जी ‘थ्री-नॉट-थ्री’ होती, ती ली-एनफिल्ड बोल्ट-ॲक्शन रायफल होय. म्हणजे बोल्टची मूठ हाताने उचलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि पुढे ढकलली की दहा गोळ्यांच्या मॅगझिनमधली पुढची गोळी नळीत जाते. तिचे भारतीय उत्पादन बंगालमधील इशापूर येथे झाले, आणि दस्त्याच्या मुळाशी असलेल्या धातूच्या कड्यावर कोरलेली ‘आरएफआय’ ही अक्षरे व वर्ष यांवरून जाणकार तिचे मूळ ओळखतात. परदेशातील संग्राहक बोल्ट आणि मुख्य सांगाडा यांवरील क्रमांक जुळतात का हे आधी पाहतात, लाकडाला जवसाचे तेल चोळतात आणि मूळ खुणा घासून काढणे टाळतात. लाकूड कापून तिची शिकारी रायफल करण्याची जुनी हौस आता संग्रहमूल्य घटवणारी मानली जाते. भारतात मात्र ‘थ्री-नॉट-थ्री’ हे लष्करी बोअर (नळीचा व्यास) सामान्य परवान्यावर मिळत नाही आणि शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 6 नुसार परवान्याशिवाय नळी आखूड करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे घरात असे जुने शस्त्र सापडल्यास ते न उघडता जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे.