गोल मोजून न कळणारा स्ट्रायकर

स्ट्रायकरची किंमत गोलांवरून ठरते, हा फुटबॉलमधला सगळ्यात जुना हिशेब. त्या हिशेबानं क्रोएशियाचा मारिओ मांजुकिच दुसऱ्या रांगेत बसतो. लीगच्या एका मोसमात त्यानं १८ पेक्षा जास्त गोल कधीच केले नाहीत, आणि १८ पर्यंतही तो एकदाच पोहोचला. ज्या काळात क्रिस्टियानो रोनाल्डो आणि लिओनेल मेस्सी दरसाल तिशी-चाळिशी ओलांडत होते, त्याच काळातली ही गोष्ट. तरीही क्रोएशिया, जर्मनी आणि इटली मिळून नऊ लीग विजेतेपदं त्याच्या खात्यावर आहेत. चॅम्पियन्स लीगच्या दोन अंतिम सामन्यांत त्यानं गोल केले. वर्ल्ड कपच्या अंतिम सामन्यात तर दोन्ही जाळ्यांत केले, एक स्वतःच्या आणि एक समोरच्या. युप हाइन्केस, दिएगो सिमिओने, मास्सिमिलियानो अलेग्री हे तिन्ही प्रशिक्षक एकमेकांपासून भिन्न प्रकृतीचे, पण तिघांनाही तो हवासा वाटला. या माणसाकडून ते नेमकं काय घेत होते, हे समजून घ्यायचं तर गोलांचा तक्ता बाजूला ठेवावा लागतो.

मांजुकिचचा जन्म १९८६ चा, स्लाव्होन्स्की ब्रोड या गावचा. सावा नदीच्या काठावरचं हे शहर, पलीकडच्या तीरावर बोस्निया. तेव्हा दोन्ही काठ एकाच युगोस्लाव्हियात होते. पुढे देश फुटला, युद्ध पेटलं, १९९२ मध्ये शहरावर तोफगोळे पडले आणि मांजुकिच कुटुंब जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या डिट्झिंगन गावात आलं. वडील माटो स्वतः फुटबॉल खेळलेले. पोराला तिथल्या क्लबच्या मुलांच्या संघात घातलं गेलं. १९९६ मध्ये कुटुंब मायदेशी परतलं. त्या पिढीतल्या क्रोएशियन खेळाडूंच्या चरित्रात अशी पळापळ नवी नाही. लुका मॉड्रिचचं बालपणही निर्वासितांच्या हॉटेलांत गेलं. त्यामुळे ‘युद्धानं त्याला कणखर बनवलं’ हे ठरलेलं वाक्य मी इथं लिहीत नाही. युद्ध अनेकांनी सोसलं, पण असा स्ट्रायकर एकच झाला.

गावातल्या मार्सोनियाकडून एनके झाग्रेब आणि तिथून २००७ मध्ये दिनामो झाग्रेब. एदुआर्दो दा सिल्व्हा आर्सेनलला गेल्यानं मोकळी झालेली जागा त्याला भरायची होती. तीन मोसमांत तीन विजेतेपदं आली आणि २००८-०९ मध्ये १६ गोलांसह तो लीगचा अव्वल गोलवीरही ठरला. गंमत म्हणजे याच क्लबनं २००९ मध्ये एका युरोपीय सामन्यानंतर, खेळात पुरेशी मेहनत दिसली नाही म्हणून, त्याला एक लाख युरोंचा दंड ठोठावला. पुढच्या दहा वर्षांत ज्याची ओळखच मेहनत ही झाली, त्याच्यावरचा हा आरोप. त्या दंडामुळे तो सुधारला, असा निष्कर्ष कुणी काढत असेल तर काढो. मला ती क्लबची आदळआपट वाटते.

२०१० मध्ये तो जर्मनीत वोल्फ्सबुर्गला गेला. तिथं मधली जागा एडिन झेकोची होती, त्यामुळे मांजुकिचला डाव्या कडेला उभं केलं गेलं. कडेच्या खेळाडूला समोरच्या बचावपटूमागं परत धावावं लागतं. नऊ नंबरचे, म्हणजे मधल्या जागेवरचे, बहुतेक खेळाडू या कामाला नाक मुरडतात, हा मात्र शिकला. झेको जानेवारी २०११ मध्ये मँचेस्टर सिटीला गेल्यावर मधली जागा त्याला मिळाली. २०१२ च्या युरो स्पर्धेत आयर्लंडविरुद्ध दोन आणि इटलीविरुद्ध एक असे तीन गोल करून तो सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या पंक्तीत बसला आणि बायर्न म्युनिचनं त्याला उचललं.

इथं जरा थांबायला हवं, कारण मांजुकिच नावाचं कोडं म्युनिचमध्ये उलगडतं. बायर्नसाठी २०११-१२ चा मोसम दुखरा होता. लीगमध्ये दुसरा, जर्मन कपमध्ये उपविजेता आणि चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना स्वतःच्याच मैदानावर चेल्सीकडून पेनल्टींवर हरलेला. संघात मारिओ गोमेझ होता, त्या मोसमात लीगमध्ये २६ गोल करणारा. म्हणजे गोल करणाऱ्याचा तुटवडा नव्हताच. हाइन्केसला वेगळंच काही हवं होतं: चेंडू गेला की तो परत मिळवण्याचं काम पुढच्या माणसापासूनच सुरू व्हावं. नव्या मोसमाच्या सुरुवातीला गोमेझ दुखापतीनं बाहेर बसला, मांजुकिच खेळला, आणि गोमेझ बरा होऊन आला तरी जागा मांजुकिचकडेच राहिली.

पुढून दबाव टाकणं म्हणजे नुसतं चेंडूमागं धावणं नव्हे. समोरच्या बचावपटूच्या पायात चेंडू असताना स्ट्रायकर सरळ त्याच्या अंगावर गेला, तर डावीकडे किंवा उजवीकडे पास देऊन तो सहज सुटतो. मुरलेला स्ट्रायकर तिरका धावतो. धावतानाच तो एका बाजूचा पास अंगानं झाकून टाकतो, म्हणजे बचावपटूला चेंडू दुसऱ्याच बाजूला द्यावा लागतो, आणि तिथं आपले मध्यरक्षक टपलेले असतात. चेंडू त्यांनी हिसकावला तर टाळ्या त्यांना. तक्त्यात पहिल्या धावेची नोंद नसते. बायर्नमध्ये मांजुकिच हे प्रत्येक सामन्यात, पुन्हा पुन्हा करत राहिला. त्या मोसमात लीगच्या ३४ सामन्यांत बायर्ननं फक्त १८ गोल खाल्ले. मांजुकिचचे स्वतःचे लीग गोल १५, म्हणजे गोमेझच्या आदल्या वर्षीच्या गोलांपेक्षा ११ कमी. बायर्ननं मात्र लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही विजेतेपदं उचलली. २५ मे २०१३ ला वेम्बलीवर डॉर्टमुंडविरुद्ध पहिला गोल त्याचाच होता. आर्यन रॉबेननं गोलसमोर आडवा ढकललेला चेंडू त्यानं जवळून आत लोटला. दिसायला किरकोळ, पण तिथं वेळेवर हजर असणं हेच त्यातलं कौशल्य.

मग पेप गार्डिओला आला. लीगमधले १८ गोल मांजुकिचनं केले ते याच मोसमात, म्हणजे आकड्यांत त्याचं सर्वोत्तम वर्ष, आणि नेमका याच वर्षी तो प्रशिक्षकाच्या मनातून उतरला. २०१४ च्या जर्मन कपच्या अंतिम सामन्यासाठी त्याला संघातच घेतलं नाही. रॉबर्ट लेवांडोव्स्की येणार हे तोवर ठरलेलं होतं. गार्डिओलाला पासांच्या जाळ्यात मिसळणारा स्ट्रायकर हवा होता आणि लेवांडोव्स्की अधिक तयारीचा खेळाडू होता यात वाद नाही. पण निरोप देण्याची ती रीत बरी नव्हती, आणि नाराजी मांजुकिचनं लपवलीही नाही.

माद्रिदमध्ये अॅटलेटिकोच्या सिमिओनेकडे तो एकच वर्ष राहिला. सर्व स्पर्धा मिळून २० गोल, आणि स्पॅनिश सुपर कपमध्ये रिआल माद्रिदविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला केलेला निर्णायक गोल. पण त्या वर्षाचं त्याचं प्रसिद्ध छायाचित्र गोलाचं नाही. एप्रिल २०१५ मध्ये रिआलविरुद्धच्याच सामन्यात सर्गिओ रामोसचा हात लागून त्याचा चेहरा रक्तानं माखला होता, आणि तशाच चेहऱ्यानं तो पंचांकडे बघत उभा होता.

युव्हेंटसनं २०१५ मध्ये त्याला घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी नऊ कोटी युरो मोजून गोन्सालो हिग्वेइनही आणला. दोन स्ट्रायकर आणि जागा एक. साधारणपणे अशा वेळी एकाला बाकावर बसावं लागतं. जानेवारी २०१७ मध्ये फिओरेंटिनाकडून हार पत्करल्यावर अलेग्रीनं लॅझिओविरुद्ध सगळेच आक्रमक खेळाडू एकत्र उतरवले आणि ३० वर्षांच्या मांजुकिचला डाव्या कडेला पाठवलं. वोल्फ्सबुर्गमध्ये सक्तीनं शिकलेलं इथं कामी आलं. आधुनिक संघांत उजवा बचावपटू सहसा चपळ आणि अंगानं लहान असतो. त्याच्या शेजारी सहा फूट तीन इंचांचा मांजुकिच उभा केला की गोलरक्षकानं नुसता लांब चेंडू मारला तरी हवेतली झुंज कोण जिंकणार हे ठरलेलं. उजवीकडून क्रॉस आला तर दूरच्या खांबापाशीही तीच विजोड जोडी. चेंडू गेला की हाच माणूस स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रापर्यंत मागं येऊन बचावाला हात देणार. त्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत मेस्सी, नेमार, सुआरेझ यांच्या बार्सिलोनाला युव्हेंटसविरुद्ध दोन सामन्यांत मिळून एकही गोल करता आला नाही.

त्याच स्पर्धेच्या, कार्डिफमधल्या अंतिम सामन्यातला त्याचा गोल यूट्यूबवर अजून पाहिला जातो. चेंडू अलेक्स सँड्रोकडून हिग्वेइनकडे, तिथून मांजुकिचकडे, वाटेत जमिनीला न टेकता आला. त्यानं तो छातीवर घेतला आणि गोलकडे पाठ असतानाच कात्री मारून रिआलचा गोलरक्षक केलॉर नवास याच्या डोक्यावरून आत सोडला. सामना रिआलनं ४-१ नं जिंकला. मला मात्र त्याचा खरा सामना वाटतो तो पुढच्या वर्षीचा, ११ एप्रिल २०१८ चा. पहिल्या लढतीत ०-३ नं हरलेला युव्हेंटस बर्नाबेउवर आला, आणि पहिल्या अर्ध्यातच मांजुकिचनं दोन हेडर मारले. दोन्ही उजवीकडून आलेल्या क्रॉसवर, दूरच्या खांबापाशी, रिआलचा उजवा बचावपटू दानी कार्वाहाल याच्या डोक्यावरून. अलेग्रीनं वर्षभर कागदावर आखलेलं त्या रात्री जसंच्या तसं मैदानावर उतरलं. एकूण गोलांत बरोबरीही झाली, पण शेवटच्या क्षणी रोनाल्डोची पेनल्टी आली आणि रिआल पुढे गेला.

राष्ट्रीय संघातली त्याची वाट सरळ नव्हती. पुढे २०१९ ते २०२४ भारतीय संघाचा प्रशिक्षक राहिलेला इगोर श्टिमाच २०१२-१३ मध्ये क्रोएशियाचा प्रशिक्षक होता. त्याच्याच काळात पात्रता फेरीत सर्बियाशी दोन सामने झाले. त्या सामन्यांभोवती काय वातावरण असेल ते सांगायला नको. दोन्हींत मांजुकिचनं गोल केला. पण त्याच पात्रतेच्या शेवटी, श्टिमाच गेल्यावर, आइसलँडविरुद्ध गोल केल्यानंतर अकराव्या मिनिटाला राकट धसमुसळेपणानं लाल कार्ड ओढवून घेतलं आणि २०१४ च्या वर्ल्ड कपची ब्राझीलविरुद्धची सलामी बाहेरून पाहिली. मेहनती माणूस शांत असतोच असं नाही.

२०१८ चा रशिया. क्रोएशियानं बाद फेरीचे तीन सामने जादा वेळेत नेले, म्हणजे अंतिम सामन्याआधी फ्रान्सपेक्षा एक अख्खा सामना जास्त खेळला. मांजुकिच तेव्हा ३२ वर्षांचा. डेन्मार्कनं पहिल्याच मिनिटाला आघाडी घेतली, ती चौथ्या मिनिटाला त्यानं पुसली. इंग्लंडविरुद्ध १०९ व्या मिनिटाला, पाय गोळे येऊन आखडलेले असताना, इव्हान पेरिसिचनं डोक्यानं मागं ढकललेल्या चेंडूवर तो जॉन स्टोन्सच्या आधी पोहोचला. स्टोन्सला धोका उमगेपर्यंत चेंडू जाळ्यात होता. जल्लोषात सगळा संघ एएफपीचा छायाचित्रकार युरी कोर्टेझ याच्या अंगावर कोसळला. त्यानं ढिगाखालूनही फोटो काढणं सोडलं नाही. आपापल्या कामाशी इमान राखणारी दोन माणसं तिथं भेटली म्हणायची.

१५ जुलै, लुझ्निकी, फ्रान्सविरुद्धचा अंतिम सामना. १८ व्या मिनिटाला अँटोनी ग्रीझमनची फ्री किक मांजुकिचच्या डोक्याला चाटून त्याच्याच जाळ्यात गेली. तोवर वर्ल्ड कपच्या कुठल्याही अंतिम सामन्यात स्वयंगोल झालेला नव्हता. क्रोएशिया १-४ असा मागं पडल्यावर ६९ व्या मिनिटाला सॅम्युएल उम्टिटीनं गोलरक्षक ह्युगो लॉरिसला सहज मागं पास दिला. तीन गोलांनी हरत असताना अशा चेंडूमागं बहुतेक स्ट्रायकर धावत नाहीत. मांजुकिच धावला. लॉरिस त्याला हुलकावणी द्यायला गेला, मांजुकिचनं पाय घातला आणि चेंडू गोलमध्ये घरंगळला. लोक पहिल्या गोलाला दुर्दैव म्हणतात आणि दुसऱ्याला लॉरिसची चूक. मला दोन्हींचं मूळ एकच दिसतं. फ्री किकच्या वेळी स्ट्रायकर आपल्या गोलसमोर उभा होता, कारण बचाव हेही त्याचं काम होतं. हरलेल्या सामन्यात गोलरक्षकाच्या अंगावर धावणं हेही त्याचंच काम होतं. एका सवयीनं त्याला बुडवलं, त्याच सवयीनं गोलही दिला.

महिन्याभरात तो आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून बाहेर पडला. ८९ सामने, ३३ गोल. क्रोएशियासाठी तेव्हा त्याच्या पुढे फक्त दावोर शुकेर होता, ४५ गोलांचा. युव्हेंटसला रोनाल्डो आला तेव्हा मधली जड कामं मांजुकिचनं अंगावर घेतली. पण २०१९ मध्ये मौरिझिओ सारी आला आणि चॅम्पियन्स लीगच्या यादीतून त्याचं नाव गळलं. मग कतारचा अल दुहैल, आणि २०२१ मध्ये एसी मिलान. तिथं दुखापतीनं खेळता आलं नाही, तर त्यानं मार्च महिन्याचा पगारच नाकारला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो निवृत्त झाला आणि पुढे क्रोएशियाचा प्रशिक्षक झ्लाट्को डालिच याच्या चमूत दाखल झाला.

२०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये क्रोएशिया तिसरा आला, तोही नऊ नंबरची जागा पक्की नसताना. उपांत्य फेरीत अर्जेंटिनाविरुद्ध चेंडू जास्त वेळ क्रोएशियाकडेच होता. डालिचनं आंद्रेई क्रामारिचनं सुरुवात केली, मग ब्रुनो पेटकोविचला आणला, शेवटी मार्को लिवायालाही. तिघेही गोल करू शकणारे खेळाडू, पण अर्जेंटिनाच्या बचावाला तिघांपैकी कुणीही जेरीला आणलं नाही. सामना ३-० नं गेला.