वर न पोचलेला अहवाल : जनरल थोरात

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात आपल्याच जिल्ह्यातले. जन्म १९०६ चा, वडगावचा. सँडहर्स्टला शिकले, १९४५ साली ब्रह्मदेशात कांगावच्या लढाईत डीएसओ मिळवलं, १९५३ मध्ये कोरियात युद्धकैद्यांवर देखरेख करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख झाले. हे सगळं मोठंच. पण मला थांबायचंय ते १९५९ पाशी.

तेव्हा ते लखनौला पूर्व विभागाचे सेनापती होते. चीन नेफावर हल्ला करू शकेल आणि आपली फौज तिथे अपुरी आहे, हे त्यांनी ऑक्टोबरात लिहून कळवलं. लष्करप्रमुख थिमय्यांनी ते संरक्षणमंत्री मेनन यांच्यापुढे ठेवलं. मेननना पटलं नाही. मग मार्च १९६० मध्ये थोरातांनी ‘लाल किला’ हा सराव घेऊन तेच पुन्हा मांडलं. त्यांचं म्हणणं साधं होतं : सीमारेषेपाशी रस्ते नाहीत, रसद पोचत नाही, पुढे थोडी माणसं ठेवा, खरी लढाई मागे, आपल्या सोयीच्या जागी द्या. वाडीकरांना हे वेगळं सांगायला नको. पाणी चढलं की आपण घाटावर उभे राहून ते अडवतो का? सामान वर हलवतो.

१९६१ साली ते निवृत्त झाले. २० ऑक्टोबर १९६२ ला चीन आला.

आमच्या तत्त्वज्ञानात ज्ञान कसं होतं यावर खंडच्या खंड आहेत. झालेलं ज्ञान वर का पोचत नाही, यावर मात्र फारसं कोणी लिहीत नाही.

युद्धानंतर नेहरूंनी बोलावून घेतलं, अहवाल पाहिला आणि ‘हा मला आधी का दाखवला नाही?’ असं विचारलं, ही नोंद थोरातांच्याच आत्मचरित्रात आहे.